ए४ चिप कोणाची? पहिल्या आयपॅडच्या प्रोसेसरचे प्रकरण

२६ जानेवारी २०१० ची गोष्ट. ॲपलचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता आणि मॅग्रॉ-हिल या प्रकाशन कंपनीचे प्रमुख टेरी मॅग्रॉ सीएनबीसी वाहिनीवर बोलत होते. बोलता बोलता ते सांगून गेले, की ॲपलचा टॅबलेट येतो आहे आणि तो आयफोनच्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर चालेल. बहुतेकांनी त्यातला ‘टॅबलेट येतो आहे’ एवढाच भाग उचलला. खरी बातमी पुढच्या अर्ध्या वाक्यात होती. या टॅबलेटमध्ये प्रोसेसर कोणता, यावर कित्येक महिने काथ्याकूट चालला होता. त्याचा निम्मा निकाल मॅग्रॉ यांनी नकळत लावून टाकला.

हे प्रकरण मला आजही पुन्हा उघडून पाहावेसे वाटते. येणाऱ्या उपकरणात कोणती चिप असेल याचे अंदाज अजूनही बांधले जातात, पण या प्रकरणात त्या वेळचे जवळजवळ सगळे पुरावे आता समोर मांडून तपासता येतात. कोणता धागा खरा होता आणि कोणता नुसताच चकचकीत होता, हे बोट ठेवून सांगता येते. शिवाय अंदाजांच्या दोन फेऱ्या झाल्या. एक उपकरण जाहीर होण्याआधी, दुसरी जाहीर झाल्यानंतर. माहिती जास्त असूनही दुसऱ्या फेरीतले अंदाज जास्त भरकटले, असे माझे मत आहे.

रिंगणातली नावे

पहिले नाव इंटेलचे. जून २००५ मध्ये ॲपलने मॅक संगणक पॉवरपीसी नावाच्या चिपांवरून इंटेलवर नेण्याची घोषणा केली आणि २००६ मध्ये ते काम पुरेही केले. २००७ चा पहिला ॲपल टीव्हीसुद्धा इंटेलच्याच चिपवर चालायचा. २००८ मध्ये इंटेलची ॲटम आली आणि दोन वर्षांत नेटबुक नावाच्या छोट्या लॅपटॉपांत जिकडेतिकडे तीच दिसू लागली. टॅबलेट म्हणजे बोटाने चालवायचा छोटा मॅक, असे ज्याने धरले त्याला ॲटमशिवाय दुसरे उत्तर सुचणे कठीण होते. किंमत हजार डॉलरच्या आसपास असेल अशी बोलवा होती, तिनेही याच तर्काला बळ मिळायचे. त्यात ६ जानेवारीला लास वेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी एचपीचा विंडोज ७ वर चालणारा स्लेट हा टॅबलेट हातात धरून दाखवला. माझाही कौल तेव्हा ॲटमलाच होता.

दुसरे नाव एनव्हिडियाचे. मायक्रोसॉफ्टच्या झून एचडी या संगीतयंत्रात सप्टेंबर २००९ पासून एनव्हिडियाची टेग्रा ही चिप होती, आणि जानेवारी २०१० मध्ये एनव्हिडियाने टेग्रा २ जाहीर केली, आर्म या ब्रिटिश कंपनीच्या आराखड्यातल्या दोन कॉर्टेक्स-ए९ कोअरची (कोअर म्हणजे चिपमधला आज्ञा पाळणारा मुख्य भाग). आपल्याकडच्या नोशन इंक या नवख्या कंपनीने त्याच प्रदर्शनात ॲडम नावाचा टॅबलेट टेग्रा २ वर चालवून दाखवला, तेव्हा भारतातल्या वाचकांचे लक्षही तिकडे वळले. २००८ च्या अखेरीपासून मॅकबुकमध्ये एनव्हिडियाचेच ग्राफिक्स होते, म्हणजे दोन कंपन्यांचे येणेजाणे होते. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगनचे नाव गूगलच्या नेक्सस वनमुळे निघायचे. तो फोन ५ जानेवारीला आला आणि त्याचा एक गिगाहर्ट्झ वेग त्या दिवसांत फार मोठा वाटत होता. ॲपलशी जोडणारा पुरावा मात्र स्नॅपड्रॅगनच्या बाबतीत काहीच नव्हता.

आणि चौथे नाव पी. ए. सेमीचे. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथली चिपा आखणारी ही छोटी कंपनी ॲपलने एप्रिल २००८ मध्ये २७ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली. तिचे संस्थापक डॅन डॉबरपूल म्हणजे डीईसी कंपनीच्या अल्फा आणि स्ट्राँगआर्म या चिपांमागचे नाव, कमी विजेत जास्त काम काढण्याच्या विद्येतले एक मोठे नाव. पण कंपनीने तोवर बनवली होती ती चिप पॉवरपीसी घराण्यातली. ज्या घराण्याला ॲपलने नुकताच निरोप दिला होता त्यातल्या लोकांना घेऊन ॲपल काय करणार, हे बऱ्याच जणांना उमगेना.

प्रश्नाचीच फोड

इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळा गोंधळ ‘प्रोसेसर कोणाचा’ या दोन शब्दी प्रश्नात दडलेला आहे. त्याची चार निरनिराळी उत्तरे असतात. चिपला समजणारी आज्ञांची भाषा कोणाची, इंटेलची की आर्मची? त्या आज्ञा पाळणाऱ्या कोअरची रचना कोणी केली? कोअर, ग्राफिक्स, मेमरीचे नियंत्रण, व्हिडिओ उलगडणारा भाग हे सगळे एका तुकड्यावर कोणी बसवले? आणि सिलिकॉनवर ते प्रत्यक्ष कोणत्या कारखान्यात उतरवले? इंटेलच्या बाबतीत तेव्हा चारही उत्तरे जवळपास एकच असायची, म्हणून संगणकाच्या जगातल्या माणसाला हा प्रश्न एकच वाटायचा. मोबाईलच्या जगात तसे नव्हते. जून २००९ च्या आयफोन ३जीएसमध्ये कोअर आर्मचा कॉर्टेक्स-ए८, वेग ६०० मेगाहर्ट्झ, ग्राफिक्स ब्रिटनच्या इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीजचे, आणि चिप सॅमसंगच्या कारखान्यातली.

त्या जानेवारीत मी जे वाचत होतो त्यातल्या बहुतेक लेखांनी ही फोड केलीच नाही. एक जण भाषेबद्दल बोलायचा, दुसरा कारखान्याबद्दल, आणि दोघे एकमेकांना खोडत राहायचे.

आधीपासून उघड असलेले धागे

सगळ्यात भक्कम धागा खुद्द स्टीव्ह जॉब्स यांनी दिला होता. जून २००८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क टाइम्सला सांगितले होते, की पी. ए. सेमीचे लोक आयफोन आणि आयपॉडसाठी संपूर्ण चिप तयार करतील. यात मॅकचा उल्लेख नाही आणि पॉवरपीसीचाही नाही. आयफोनसाठी म्हणजे आर्मची भाषा, हे ओघानेच आले. वर दिलेल्या चार प्रश्नांपैकी तिसऱ्याचे उत्तर दीड वर्ष आधी छापून आले होते.

दुसरा धागा माणसांचा. २००८ मध्ये आयबीएमचे मार्क पेपरमास्टर ॲपलकडे निघाले तेव्हा आयबीएमने त्यांना रोखण्यासाठी न्यायालय गाठले. पुढच्या वर्षी एएमडीतून बॉब ड्रेबिन आणि राजा कोडुरी आले, दोघेही ग्राफिक्स चिपांचे जाणकार. तयार चिपा दुकानातून घेणाऱ्या कंपनीला इतक्या वरच्या दर्जाची माणसे कशाला लागतात? तिसरा धागा पैशाचा. डिसेंबर २००८ मध्ये ॲपलने इमॅजिनेशनमध्ये ३.६ टक्के हिस्सा घेतला आणि २००९ मध्ये तो साडेनऊ टक्क्यांच्या आसपास नेला. टॅबलेटचे ग्राफिक्स पॉवरव्हीआरचे, म्हणजे इमॅजिनेशनच्या आराखड्याचे असणार, हे यावरून जवळपास पक्के झाले.

पण गंमत इथेच आहे. इमॅजिनेशनमध्ये इंटेलचाही हिस्सा होता, आणि ॲटमच्या जोडीला येणाऱ्या यूएस१५डब्ल्यू या चिपमधले ग्राफिक्स म्हणजे नाव बदललेले पॉवरव्हीआर एसजीएक्स ५३५ च होते, आयफोन ३जीएसमध्ये होते तेच. म्हणजे पॉवरव्हीआरचा धागा खरा असूनही ॲटम की आर्म हे तो सांगू शकत नव्हता. धागा खरा असणे वेगळे आणि तो आपल्या प्रश्नाशी बांधलेला असणे वेगळे. मला स्वतःला हा फरक याच प्रकरणाने शिकवला.

चौथा धागा इंटेलच्याच तोंडून निघाला होता. ऑक्टोबर २००८ मध्ये तैपेईच्या मेळाव्यात इंटेलच्या अधिकाऱ्यांनी आयफोनवर टीका केली, की त्यातल्या आर्म चिपमुळे पूर्ण इंटरनेट त्याला पेलत नाही. लगेच त्यांचे वरिष्ठ आनंद चंद्रशेखर यांना ते विधान मागे घ्यावे लागले, आणि फोनसारख्या उपकरणाला लागणारी बॅटरीची काटकसर ॲटमला अजून साधलेली नाही हेही मान्य करावे लागले. ॲटमवर पैज लावणाऱ्या आम्हा सगळ्यांसमोर हे छापील रूपात होते. आम्ही ते आयफोनबद्दलचे भांडण म्हणून सोडून दिले.

मॅग्रॉ यांच्या वाक्याने उरलेले काम केले. तरीही मी त्याला निम्माच निकाल म्हणतो, कारण आयफोनची ऑपरेटिंग सिस्टीम इंटेलवर नेणे अशक्य नव्हते. ॲप लिहिणारे लोक मॅकवर आयफोनची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरमध्ये आपली ॲप इंटेलसाठीच बांधून रोज तपासत होते. प्रश्न होता स्टोअरमध्ये तयार पडलेल्या ॲपचा. ती १,४०,००० हून जास्त होती, सगळी आर्मसाठी बांधलेली, आणि नव्या उपकरणावर ती पहिल्या दिवशी चालायला हवी होती.

२७ जानेवारी

सॅन फ्रान्सिस्कोच्या येर्बा ब्युएना सेंटरमध्ये जॉब्स यांनी आयपॅड दाखवला आणि सांगितले, की तो ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालतो, तिचे नाव ए४, वेग एक गिगाहर्ट्झ. पडदा ९.७ इंची, जाडी अर्धा इंच, वजन सुमारे ६८० ग्रॅम, किंमत ४९९ डॉलरपासून, बॅटरी दहा तास. सॅन फ्रान्सिस्कोहून टोकियोला जाताना पूर्ण वाटभर व्हिडिओ पाहता येईल, असे त्यांनी सांगितले.

ॲटमवाल्यांचा निकाल लागला. पण कोअर कोणता, किती कोअर, ग्राफिक्स कोणते, चिप कोणत्या कारखान्यातली, याबद्दल ॲपलने अक्षर काढले नाही. ‘स्वतःची चिप’ या दोन शब्दांत चारही प्रश्न मिटले असे बहुतेकांना वाटले. तिथून दुसरी फेरी सुरू झाली.

दुसरी फेरी

ए४ मध्ये कॉर्टेक्स-ए९ चे दोन कोअर आहेत, सोबत आर्मचेच माली ग्राफिक्स आहे, अशी बातमी कार्यक्रमानंतर लगेच फिरू लागली. तिच्यावर विश्वास बसण्यासारखे वातावरण होते. कार्यक्रमानंतर आयपॅड हाताळलेल्या पत्रकारांना तो फार चपळ वाटला होता. टेग्रा २ नुकतीच जाहीर झालेली होती, आणि तिच्यात दोन ए९ होते. शिवाय पी. ए. सेमीतल्या नामवंतांनी दोन वर्षे खपून काढलेली चिप असामान्यच असणार, अशी भावना होती. माली मात्र कोणत्याच हिशेबात बसत नव्हते. इमॅजिनेशनमध्ये पैसे घालून ॲपल दुसऱ्याचे ग्राफिक्स का घेईल?

आता दुसऱ्या बाजूला काय होते ते पाहू. २७ जुलै २००९ रोजी, म्हणजे सहा महिने आधी, सॅमसंग आणि टेक्ससच्या ऑस्टिनमधली इंट्रिन्सिटी यांनी मिळून ‘हमिंगबर्ड’ नावाचा कोअर जाहीर केला होता. कोअर आर्मचा कॉर्टेक्स-ए८ च, पण इंट्रिन्सिटीने आतल्या सर्किटांची पुनर्रचना करून त्याचा वेग एक गिगाहर्ट्झवर नेलेला. प्रक्रिया ४५ नॅनोमीटर (हा आकडा जितका लहान तितकी सर्किटे बारीक), कारखाना सॅमसंगचा. आयफोन ३जीएसची चिप याच कारखान्यात ६५ नॅनोमीटरवर, ६०० मेगाहर्ट्झवर बनत होती. त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल कुठे पडणार? एक गिगाहर्ट्झचा ए८, ४५ नॅनोमीटरवर. जॉब्स यांनी सांगितलेला आकडाही तोच होता. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत पानात वाढलेले होते.

हे जवळपास असेच फेब्रुवारीच्या अखेरीस आर्स टेक्निका या संकेतस्थळाच्या जॉन स्टोक्स यांनी लिहिले. एकच कॉर्टेक्स-ए८ आणि पॉवरव्हीआर ग्राफिक्स, एवढेच ए४ मध्ये आहे असे त्यांनी सूत्रांच्या आधारे मांडले. त्यांचे एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. ए४ चे वेगळेपण तिच्यात काय घातले आहे यात कमी आणि काय वगळले आहे यात जास्त आहे. फोन कंपन्यांना विकायच्या चिपमध्ये कॅमेरा आणि निरनिराळ्या जोडण्यांसाठी भाग ठेवावे लागतात, कारण कोणते गिऱ्हाईक काय मागेल ते ठाऊक नसते. आयपॅडला कॅमेराच नव्हता. गिऱ्हाईक एकच आणि त्याला नेमके काय हवे ते माहीत. पुष्कळ वाचकांना हे उत्तर फिके वाटले. त्यांना दोन कोअर हवे होते.

चिप कापली तेव्हा

३ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत आयपॅड विक्रीला आला. उपकरणे उघडून दाखवणाऱ्या आयफिक्सिटने तो त्याच दिवशी उघडला, आणि चिपांची चिकित्सा करणाऱ्या चिपवर्क्स या कॅनडातल्या कंपनीच्या मदतीने ए४ आडवी कापून, क्ष-किरणांखाली धरून, थर सुटे करून पाहिली. एकाच वेष्टनात एकावर एक थर निघाले. खाली प्रोसेसरचा तुकडा, वर सॅमसंगच्या मेमरीचे दोन तुकडे, प्रत्येकी १२८ मेगाबाइट, मिळून २५६. मेमरीकडे जाणारा रस्ता ६४ बिटांचा, म्हणजे पहिल्या आयफोनच्या दुप्पट रुंद. प्रोसेसरचा तुकडा सुमारे ५३ चौरस मिलिमीटर, त्यावर कोअर एक. कॉर्टेक्स-ए८.

आयफिक्सिटने यात दाखवलेला प्रामाणिकपणा नोंदवण्याजोगा आहे. ग्राफिक्सचा भाग तुकड्यावर नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अवघड आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्रिमितीय चाचण्यांचा वेग आयफोनसारखाच येतो आहे, म्हणून हे एसजीएक्स ५३५ असावे असा आमचा तर्क आहे, असे म्हणून त्यांनी पाहिलेले आणि तर्काने काढलेले वेगळे ठेवले. जानेवारीतल्या लिखाणात नेमके हेच हरवले होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस ॲपलने इंट्रिन्सिटी विकत घेतल्याचे मान्य केले. किंमत बारा कोटी डॉलरच्या घरात असल्याचा अंदाज छापून आला. पुढे गॅलेक्सी एस फोनमधली सॅमसंगची एस५पीसी११० ही चिप तपासली गेली, तेव्हा तिचा कोअर आणि ए४ चा कोअर जणू एकाच छापातून काढल्यासारखे दिसले. आजूबाजूची मांडणी मात्र निराळी होती.

आता चार प्रश्नांची उत्तरे लिहिता येतात. भाषा आर्मची. कोअर आर्मचा, इंट्रिन्सिटीने वेगवान केलेला. कारखाना सॅमसंगचा. आणि सगळे एकत्र बसवण्याचे काम ॲपलचे, जॉनी स्रूजी यांच्या नेतृत्वाखाली. इस्रायलमध्ये वाढलेले हे अभियंते याच कामासाठी २००८ मध्ये ॲपलमध्ये आले होते. जॉब्स यांचे ‘स्वतःची चिप’ हे म्हणणे खोटे नव्हते. ते तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते. लोकांनी ते दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे कोअर कोणी रचला याचे, उत्तर समजले.

ॲटम का नाही

याचा एक हिशेब साध्या कागदावर होतो. आयपॅडची बॅटरी २४.८ वॅट-तासांची. ती दहा तास पुरवायची तर पडदा, वाय-फाय, मेमरी आणि प्रोसेसर मिळून सरासरी अडीच वॅटमध्ये भागले पाहिजे. त्या काळी टॅबलेटजोगी समजली जाणारी ॲटम झेड५३० कमाल २ वॅट घ्यायची, आणि तिच्या जोडीची यूएस१५डब्ल्यू २.३ वॅट. दोन्ही मिळून ४.३. हे कमाल आकडे आहेत, दर क्षणी एवढी वीज लागत नाही, पण एका चिपऐवजी दोन चिपा आणि त्यांची उष्णता अर्ध्या इंचाच्या, पंखा नसलेल्या पेटीत बसवायची हे तरी टळत नाही. बॅटरीचा आकडा कार्यक्रमाआधी बाहेर कोणाला ठाऊक नव्हता, त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला हा हिशेब मांडता आला नसता, हेही म्हणायला हवे.

पण म्हणून ॲटमवर पैज लावणारे मूर्ख होते का? २०११ मध्ये आलेल्या जॉब्स यांच्या अधिकृत चरित्रातून कळले, की आयपॅडसाठी ॲटम घ्यावी असे खुद्द जॉब्स यांनाच सुरुवातीला वाटत होते. आयपॉडचे काम पाहणारे टोनी फॅडेल यांनी त्याला इतका कडवा विरोध केला, की एकदा त्यांनी कंपनीचा बिल्ला टेबलावर ठेवून राजीनाम्याची तयारी दाखवली. इंटेल संथ आहे, ग्राफिक्समध्ये कमी पडते, आणि तिला शिकवलेले उद्या प्रतिस्पर्ध्यांच्या हाती जाईल, अशी कारणे जॉब्स यांनी नंतर दिली. इंटेलचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांच्या मते व्यवहार अडला तो किमतीवर. म्हणजे बाहेरच्या लोकांनी लावलेला होरा आतल्या वादातली एक खरी बाजू होती. ती बाजू हरली, आणि ती आत कधी होती हेच बाहेर २०११ पर्यंत कळले नाही.

कॅलेंडर

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात दुर्लक्षित पुरावा तारखांचा आहे. पी. ए. सेमीची खरेदी एप्रिल २००८, आयपॅड विक्रीला एप्रिल २०१०. मध्ये चोवीस महिने. कारखान्यात चिप उतरवणे, चुका सुधारणे, लाखोंच्या संख्येने बनवणे यात त्यातले कितीतरी महिने जातात. एवढ्या वेळात तयार कोअर घेऊन आपली चिप मांडता येते. नवा कोअर मुळापासून घडवता येत नाही. आणि कॉर्टेक्स-ए९ असलेले टॅबलेट लोकांच्या हाती मोठ्या संख्येने पोचायला २०११ उजाडले. ॲपलचाही पहिला ए९, दोन कोअरचा, मार्च २०११ च्या आयपॅड २ मधल्या ए५ मध्ये आला. दुसऱ्या फेरीतल्या लोकांचे उत्तर एका वर्षाने लवकर होते.

ॲपलने स्वतः घडवलेला कोअर यायला आणखी वेळ लागला. सप्टेंबर २०१२ मध्ये आयफोन ५ सोबत ए६ चिप आली, तेव्हा तिच्यात आर्मचा नवा कॉर्टेक्स-ए१५ असणार असे पहिल्या दिवशी जाणकारांनीही धरले. आनंदटेक या संकेतस्थळाने तसे लिहिले, आणि दोन-तीन दिवसांतच सुधारणा केली. सुगावा ॲप बांधण्याच्या साधनांत सापडला होता. तिथे ‘आर्मव्ही७एस’ नावाचे नवे लक्ष्य, म्हणजे ॲप ज्या प्रकारच्या चिपसाठी बांधायचे तो नवा प्रकार, आले होते आणि ते ए९ शी जुळत नव्हते. कोअरचे नाव स्विफ्ट निघाले. पी. ए. सेमीच्या खरेदीला तेव्हा साडेचार वर्षे होत आली होती. चिपवर्क्सने ए६ चा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा तिच्या कोअरची मांडणी यंत्राने आखलेली दिसली नाही. ती माणसांनी हाताने केलेली होती.